एक सेंटीमीटर वायर

घरी लेसर बनवतो म्हटलं की समोरून दोनच प्रश्न येतात. त्यानं काय काय कापता येतं, आणि पोलीस काही म्हणत नाहीत का? पहिल्याला "काहीच नाही" असं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. माझ्या टेबलावरच्या लेसरनं पापडाला डागही पडत नाही. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आवाज मात्र खणखणीत येतो, आणि तो चालू असला की घरातला रेडिओ नुसती खरखर करतो. आई त्याला "तुझा तो फटाका" म्हणते. तरीही ज्याला ज्याला सोल्डरिंगच्या धुराचा वास आवडतो त्यानं आयुष्यात एकदा तरी हा उद्योग करून बघावा, असं माझं मत आहे. कारण प्रकाश नव्हे. कारण वेगळंच आहे, त्याच्याकडे येतोच.

दिसायला किरकोळ असण्याचं हे लचांड लेसरच्या मागे जन्मापासून आहे. थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात, मालिबूच्या ह्यूज प्रयोगशाळेत पहिला लेसर चालवला. गुलाबी माणकाची बोटाच्या पेराएवढी कांडी आणि तिच्याभोवती फोटोग्राफीच्या फ्लॅशचा स्प्रिंगसारखा वळवलेला दिवा, एवढाच ऐवज. हा दिवाही कॅटलॉगमधून मागवलेला, बाजारात मिळणारा. प्रसिद्धीचे फोटो काढायला आलेल्या फोटोग्राफरला तो फारच पिटुकला वाटला, म्हणून मैमन यांच्या हातात दुसराच, मोठा दिवा देऊन फोटो काढला गेला. जगभर छापून आला तो हा फोटो. त्यावरून काही प्रयोगशाळांनी मोठ्या दिव्याचे लेसर बनवले, आणि तेही चालले!

आजच्या हौशी माणसाची सुरुवात मात्र डायोडनं होते, आणि तशीच व्हावी. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडलात तर कॉम्प्युटरचे डीव्हीडी रायटर भंगाराच्या भावात मिळतात. स्क्रू काढा, आतली छोटी गाडी बाहेर काढा, तिच्यात ५.६ मिलिमीटर व्यासाचा एक धातूचा डबा असतो. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर. रायटरमधला असेल तर शंभर मिलिवॉटच्या पुढे सहज जातो, म्हणजे शाळेत मास्तर फळ्यावर फिरवतात त्या पॉइंटरच्या वीसेक पट.

आणि हा डबा अतिशय नाजूक प्रकृतीचा असतो. एलईडी चुका पोटात घालतो, लेसर डायोड घालत नाही. त्याला व्होल्टेज मोजून चालत नाही, करंट मोजून द्यावा लागतो. ठरावीक करंटपर्यंत तो साध्या एलईडीसारखा मिणमिणतो, मग उंबरठा ओलांडला की एकदम जिवंत होतो, आणि त्यावर थोडंसं जास्त झालं की चिपची आरशासारखी कड आतल्याच प्रकाशानं जळते. यासाठी मायक्रोसेकंदही फार झाला. मेलेला डायोड नंतरही लालसर उजेड देत राहतो. "एलईडी झाला," असं आम्ही म्हणतो, आणि ते म्हणताना आवाज जरा खाली येतो.

म्हणून पहिल्यांदा डायोड बाजूला ठेवून फक्त ड्रायव्हर, म्हणजे त्याला मोजून करंट देणारं सर्किट, बनवावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात एलएम३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर मिळतो. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांत तो कायम सव्वा व्होल्ट राखतो. मध्ये साडेबारा ओहमचा रेझिस्टर टाकला की शंभर मिलिअँपिअर, बास. लेसर डायोडच्या जागी १एन४००७ हे साधे, स्वस्त डायोड ओळीनं लावायचे, सोबत एक ओहमचा रेझिस्टर, आणि त्यावरचं व्होल्टेज मोजत बसायचं. सुरू करताना करंट उसळतो का, बंद करताना काय होतं, वायर हलली तर काय होतं. हे सगळं कंटाळा येईपर्यंत करून झालं, आउटपुटचा कपॅसिटर रिकामा केला, की मग खरा डायोड जोडायचा. नवशिक्याला हा भाग रटाळ वाटतो. पण ज्याला खोट्या लोडवर तासभर बसवत नाही त्यानं लेसरच्या वाटेला जाऊ नये, कारण पुढे डायोडऐवजी डोळा असतो.

डोळ्याचं एकदाच सांगतो. बाहुलीतून आत गेलेला लेसर नेत्रपटलावर इतक्या बारीक ठिपक्यात गोळा होतो की त्याची तीव्रता साधारण लाखपट होते. एक मिलिवॉटच्या पॉइंटरला पापणी वाचवते, ती पाव सेकंदात मिटते. शंभर मिलिवॉटला पाव सेकंद म्हणजे फार उशीर. प्रोजेक्टरमधून काढलेले निळे, वॉटभर ताकदीचे डायोड ऑनलाइन मिळतात. ते भिंतीवरून परत आले तरी धोकादायक. हिरव्या प्लास्टिकचे शे-दीडशे रुपयांचे गॉगल "लेसर गॉगल" म्हणून विकतात. त्यावर कुठल्या तरंगलांबीला किती ओडी, म्हणजे तो प्रकाश किती अडवला जातो, हे छापलेलं नसेल तर तो गॉगल जत्रेत घालायचा.

डायोड चालायला लागला की मजा भरपूर आहे. जुन्या सीडीवर किरण टाकला तर भिंतीवर मूळ ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण चोवीस अंशांवर आणखी ठिपके येतात, आणि त्यावरून सीडीच्या दोन चऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असल्याचं शाळेच्या त्रिकोणमितीनं काढता येतं. भिंतीवर पसरलेल्या लाल डागात जी रवाळ चमचम दिसते, तिच्याकडे बघत डोकं हळूच एका बाजूला न्यावं. चष्मा काढलेल्या लघुदृष्टीच्या माणसाला ते कण उलट्या दिशेनं सरकताना दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा नंबर मी असाच ओळखतो.

पण एक खटकत राहतं. या सगळ्यात आपण लेसर बनवलेला नसतो. लेसर कुठल्यातरी कारखान्यात स्वच्छ खोलीत बनलेला असतो. आपण त्याला करंट पुरवणारा नोकर बनवतो. मग हात शिवशिवायला लागतात.

अशा वेळी पहिला मोह होतो कार्बन डायऑक्साइडच्या लेसरचा. त्यात आपल्याकडच्या माणसाला तर जास्तच, कारण तो शोधला बारामतीत जन्मलेल्या माणसानं. चंद्रकुमार पटेल. १९३८चा जन्म, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, मग स्टॅनफर्ड, आणि तिथून बेल लॅब्ज. १९६४ साली त्यांनी जो लेसर जगापुढे ठेवला त्याच्या १०.६ मायक्रोमीटरच्या किरणांवर आज गल्लोगल्लीची लेसर कटिंगची दुकानं चालतात. अ‍ॅक्रिलिकची नेमप्लेट, लग्नपत्रिकेवरची जाळी, एमडीएफचा गणपतीचा मखर. त्यांच्या त्या कॉलेजवरून, म्हणजे सीओईपीवरून, जाताना मला हा माणूस हटकून आठवतो. दुकानदारांना त्याचं नावही माहीत नसतं, याची चुटपुट लागते. पण घरी बनवायला हा लेसर सोपा नाही. काचेचं काम, निर्वात पंप, थंड पाणी, आणि पंधरा-वीस हजार व्होल्टवर वीसेक मिलिअँपिअर, म्हणजे सरळ मरणाची सोय. तयार नळी विकत घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. हीलियम-निऑन लेसरच्या आरशांच्या भानगडीत तर घरी पडूच नये.

उरतो नायट्रोजन. माझा सगळा जीव इथे अडकलाय.

या लेसरला लागणारा वायू फुकट आहे, तो आत्ताही तुमच्या नाकात चाललाय. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. आरसे लागत नाहीत, काचेची नळी लागत नाही. लागतात ते स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडचे अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे, पोळ्या गुंडाळायची फॉइल, झेरॉक्सवाला स्पायरल बाइंडिंगला वरून लावतो त्या पारदर्शक शीट, घुमटासारख्या डोक्याचे दोन डोम नट आणि एक हाय व्होल्टेजचा पुरवठा. १९६३ साली नायट्रोजनचा लेसर पहिल्यांदा चालला. १९७४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान मासिकानं हौशी लोकांसाठी त्याची कृती छापली. तीत पंप होता. पुढे लोकांच्या लक्षात आलं की पुरेशी घाई केली तर पंपाचीही गरज नाही, उघड्या हवेतच चालतं.

घाई हा इथला कळीचा मुद्दा. दादरला लोकल थांबते, डब्यातली माणसं भसाभस फलाटावर उतरतात. पण पूल अरुंद, फलाट रिकामा होत नाही. थोड्या वेळात फलाटावर डब्याइतकीच गर्दी होते आणि उतरणं खुंटतं. नायट्रोजनच्या रेणूचं तसंच आहे. ऊर्जेच्या वरच्या पातळीवरून खाली उतरताना तो ३३७.१ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतो. पण उतरून जिथे पोचतो ती खालची पातळी रिकामी व्हायला जवळपास दहा मायक्रोसेकंद लागतात, आणि वरच्या पातळीवर तो उघड्या हवेच्या दाबाला एक-दोन नॅनोसेकंदांवर टिकत नाही. म्हणजे खाली गर्दी व्हायच्या आत, वरचे निसटायच्या आत, सगळेच्या सगळे एका दमात वर चढवले पाहिजेत. त्यासाठी हातात असलेला वेळ एका नॅनोसेकंदाच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा शाळेच्या फूटपट्टीएवढा, तीस सेंटीमीटर जातो.

आता कागदावर सर्किट काढा. शाळेपासून आपण एक रेघ ओढतो आणि म्हणतो ही वायर. रेघेला लांबी नसते, तिला काही गुणदोष नसतात, ती फक्त इकडचं तिकडे जोडते. इंजिनिअरिंगच्या परीक्षाही या श्रद्धेवर पास होता येतात. नायट्रोजनच्या लेसरपुढे ही श्रद्धा टिकत नाही. साध्या सरळ वायरला दर सेंटीमीटरला साधारण दहा नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंट एकदम बदलायला विरोध, असतो. एरवी कोण त्याला विचारतं! पण समजा तुम्हाला एका नॅनोसेकंदात हजार अँपिअर करंट वाढवायचाय. दहा नॅनोहेन्री गुणिले हजार अँपिअर भागिले एक नॅनोसेकंद. दहा हजार व्होल्ट. तुमचा पुरवठाच दहा हजारांचा आहे. एक सेंटीमीटर वायर ते सगळे गिळून बसते, आणि अँगलपर्यंत काहीच पोचत नाही.

हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं. मग तो वेडपट आकार का, हे एकदम कळलं. बाजारातला दहा हजार व्होल्टचा गोल कपॅसिटर दोन पायांवर उभा करून हा लेसर का चालत नाही. कपॅसिटर सपाट, पसरट, फॉइलचाच का असावा लागतो, आणि अँगल त्या फॉइलवर वायरनं न जोडता थेट टेकवावा का लागतो. इथे सुटे भाग आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी असं काही नसतंच. आकार हाच घटक. फॉइल जितकी रुंद तितका इंडक्टन्स कमी, आणि रुंद फॉइलला वायर म्हणायचं की कपॅसिटर, हा प्रश्न निरर्थक होतो.

मांडणी आहे अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरची. १९३१ साली स्टिरिओ आवाजाचं पेटंट घेणारा तोच हा. रडारच्या चाचणीचं विमान कोसळून जून १९४२मध्ये गेला, वय अवघं ३८, आणि नावावर १२८ पेटंट. लेसर जन्माला यायच्या अठरा वर्षं आधी तो संपला होता. त्याची सर्किटची युक्ती रडारसाठी होती. खाली एक अखंड फॉइल, ती सर्किटची जमीन, म्हणजे अर्थ. वर प्लास्टिकची शीट, आणि शीटवर फॉइलचे दोन वेगळे तुकडे. दोघांच्या समोरासमोरच्या कडांवर एकेक अँगल, मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट. दोन्ही तुकडे दहा-बारा वेढ्यांच्या कॉइलनं जोडलेले. एका तुकड्याच्या कडेला डोम नटांची ठिणगी-फट, तीनेक मिलिमीटरची, कारण हवा मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टला फुटते.

चार्ज हळूहळू होतो, तेव्हा ती कॉइल म्हणजे नुसती वायर. दोन्ही तुकडे बरोबरीनं वर चढतात, दोघांत फरक शून्य, म्हणून अँगलमधली फट शांत. दहा हजारांच्या आसपास डोम नटांमध्ये ठिणगी पडते. तो तुकडा धाडकन खाली येतो. दुसऱ्यालाही कॉइलमधून खाली यायचंय, पण नॅनोसेकंदांच्या हिशोबात तीच कॉइल आता भिंत झालेली असते. सगळा फरक अँगलच्या फटीवर कोसळतो. जी फट सावकाश वाढवलं असतं तर चार हजारांतच फुटली असती, तिच्यावर कितीतरी जास्त व्होल्टेज तिला फुटायला वेळ मिळायच्या आत चढतं, आणि मग ती एका जागी न फुटता सगळ्या लांबीभर एकदम फुटते.

निदान तशी फुटावी अशी आपली अपेक्षा असते. सुरुवातीला फटीत तीन-चार पांढऱ्या शुभ्र ठिणग्या नाचतात आणि बाकी अंधार. ठिणगी म्हणजे एकाच वाटेनं गेलेला करंट, तिथे लेसर नाही. आपल्याला हवा असतो टोकापासून टोकापर्यंत फिकट जांभळा पडदा. त्यासाठी कडा कानशीनं घासायच्या, मग पॉलिश पेपर, मग बारीक पॉलिश पेपर. पुरवठा बंद करायचा, कपॅसिटर रिकामा करायचा, लाकडाच्या पट्टीनं अँगलला केसभर टिचकी मारायची, पुन्हा चालू. फट एका टोकाला किंचित अरुंद ठेवली तर जमतं, असा माझा अनुभव. मायक्रोमीटर घेऊन बसणाऱ्यांपेक्षा टिचकी मारणाऱ्यांना आधी यश येतं.

यश आलं हे कळणार कसं? प्रकाश तर अदृश्य. इथे टिनोपाल कामाला येतो. ज्यांच्या गणवेशाचा शर्ट शनिवारी टिनोपालच्या पाण्यातून निघायचा त्यांना तो निळसर पांढरेपणा आठवेल. अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश देणारा हा पदार्थ. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत आणि झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदातही त्याच जातीची द्रव्यं असतात. फटीच्या टोकासमोर साधा कागद धरला की दर ठिणगीला त्यावर निळा ठिपका उमटतो. हळद स्पिरिटमध्ये कालवून बाटली धरली तर हिरवट पिवळी पेटते. मात्र लगेच पेढे वाटू नयेत. ठिणगीतूनही अतिनील प्रकाश निघतो आणि कागद त्यानंही उजळतो. कागद दूर दूर न्यावा. ठिणगीचा उजेड पसरून फिका पडतो. लेसरचा ठिपका हातभर अंतरावरही आपली कड सोडत नाही, आणि फटीच्या रेषेतून कागद जरा बाजूला सरकवला की गायब होतो.

ऊर्जा काही मायक्रोज्यूल. पण ती नॅनोसेकंदात सुटल्यामुळे त्या क्षणापुरती ताकद किलोवॉटमध्ये जाते. ऑसिलोस्कोपवर बघायची हौस मीही केली. शंभर मेगाहर्ट्झच्या स्कोपला कुठलाही चढ साडेतीन नॅनोसेकंदांपेक्षा लवकर दाखवता येत नाही. पडद्यावर जे दिसतं ते स्कोपचंच चरित्र.

पुरवठा मी जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या ईएचटीतून, म्हणजे त्यातल्या हाय व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमधून, घेतो. टीव्हीत ती वीस-पंचवीस हजार देते, आपल्याला निम्मे पुरतात, आणि मध्ये मोठे रेझिस्टर असतातच. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावायचा नाही. दोन हजार व्होल्टच आहेत, मग काय, असं म्हणणारे भेटतात. त्या दोन हजारांमागे अर्धा अँपिअर असतो आणि तो दुसरी संधी देत नाही. तीन शीट एकावर एक ठेवून केलेल्या ए-फोर आकाराच्या फॉइलमध्ये दहा हजारांना पाव ज्यूल मावतो. त्याचा झटका माणसाला खुर्चीतून उठवतो आणि उठताना हात कशावर आपटेल ते सांगता येत नाही. रेझिस्टर लावलेली डिस्चार्जची दांडी हाताशी, डावा हात खिशात, पॉलिकार्बोनेटचा चष्मा, खिडकी उघडी कारण ओझोन घसा धरतो, आणि घरात कुणीतरी जागं. एकट्यानं रात्री हे करायचं नाही.

भाची रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात येऊन तिनं हे सगळं पाहिलं. तिला ठिपक्याचं फारसं कौतुक वाटलं नाही; तिनं वही काढून त्या एका सेंटीमीटरचं गणित केलं आणि म्हणाली, "मामा, मग आमच्या लॅबमधल्या ब्रेडबोर्डवर आम्ही जे करतो ते काय?" मी म्हटलं, सावकाश केलेलं सगळं खरंच असतं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

परवा तिचा फोन आला, अँगल कापून आणलेत म्हणून. तिला सांगितलं, आत्ता नको, दिवाळीनंतर कर. कोकणातल्या पावसात प्लास्टिकच्या शीटवर ओलीचा थर बसतो, चार्ज कडेवरून सूं सूं करत वाहून जातो आणि डोम नटांपर्यंत व्होल्टेज चढतच नाही. पुण्यातसुद्धा श्रावणात माझा लेसर रुसलेला असतो. ती म्हणते, फॉइलच्या कडा शीटच्या कडेपासून पाच सेंटीमीटर आत घेईन, सगळं प्लास्टिकच्या डब्यात ठेवीन, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकीन. मी म्हटलं, कडा आत घेतल्यास तर अँगलपर्यंत फॉइल अरुंद होईल, मग इंडक्टन्स? त्यावर ती म्हणाली, अरुंद कशाला होईल, शीट मोठी घेईन की.

मुद्दा बरोबर आहे. ए-थ्री शीट रत्नागिरीत मिळत नाहीत म्हणे, त्या उद्या पाठवतोय.